कांद्याच्या रोपांसाठी ट्रायकोडर्मा: वावरातल्या मातीपासून पुडीपर्यंतच्या नोंदी

१७ जुलै २०२४, आषाढी एकादशी

निफाड तालुक्यातला आमचा मळा. नानांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, जूनच्या मध्यावर लाल कांद्याचं उळं (रोपांसाठीचं बी) टाकलं होतं. चौदा गादीवाफ्यांपैकी नऊ वाफे गेल्या आठ दिवसांत बसले. पात वरून हिरवी दिसते, पण जमिनीलगत मान पाणचट होते आणि रोप आडवं पडतं. उचलायला गेलं की मूळ मातीतच राहतं आणि पात हातात येते. दोन वाफ्यांत मानेभोवती कापसासारखी पांढरी बुरशी आहे आणि तिच्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे. तीन किलो उळं, साडेसात हजार रुपये, शिवाय महिना गेला. पैसा पुन्हा उभा करता येतो, हंगामाचा महिना येत नाही.

नाना म्हणाले, "पुडी टाकली होती ना गं शेणखतातून, मग मर आलीच कशी?" त्या प्रश्नापासून या नोंदी सुरू करते आहे. पुडी ट्रायकोडर्माची होती, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणाऱ्या हिरव्या बुरशीची. उरलेली अर्धी मी नाशिकला घेऊन आले. इथे एका महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत मी काम करते. मॅडमनी संध्याकाळी पाचनंतर लॅब वापरायची परवानगी दिली आहे. सामान मात्र माझं.

२३ जुलै

पुडीची मोजणी झाली. १० ग्रॅम पावडर ९० मिली निर्जंतुक पाण्यात, तिथून दहा-दहा पटीने पातळ करत प्लेटवर. पहिला प्रयत्न वाया गेला. साध्या पीडीएवर (बटाटा, डेक्स्ट्रोज, अगर यांचं बुरशी वाढवायचं खाद्य) ट्रायकोडर्मा इतका भरभर पसरतो की दोन दिवसांत सगळ्या वसाहती एकमेकींत मिसळतात आणि मोजायला काही उरत नाही. दुसऱ्या वेळी लिटरला ५० मिलिग्रॅम रोझ बेंगाल आणि १०० मिलिग्रॅम क्लोरॅम्फेनिकॉल घातलं. रोझ बेंगाल पसरणं आवरतं, क्लोरॅम्फेनिकॉल जिवाणू थोपवतं. या प्लेटा काळ्या कागदात गुंडाळून ठेवा. उजेडात रोझ बेंगाल बुरशीलाच मारक होतं आणि मोजणी खोटी कमी येते.

ट्रायकोडर्माच्या पुडीत ग्रॅमला किमान २० लाख जिवंत घटक असावेत असा नियम आहे. पुडीवरही तेच छापलेलं होतं. मला ग्रॅमला तीन हजारांच्या आसपास सापडले.

कंपनीला दोष द्यायला मी तयार नाही. ती पुडी दुकानाच्या पत्र्याखाली एप्रिल-मे काढून आली आणि पुढे आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये महिनाभर पडून होती. ती कुठे मेली हे आता सांगता येणार नाही. पण नाना वाफ्यात जे मिसळत होते ती जवळजवळ नुसती शंखजिऱ्याची पूड (टाल्क, जिच्यात बुरशी मिसळून पुडी करतात) होती.

ठरलं. आपल्याच मातीतला ट्रायकोडर्मा काढायचा, पुडी करायची आणि टाकण्याच्या आधी दर वेळी मोजायची.

२८ जुलै

माती गोळा केली. मेलेल्या वाफ्यांतून नाही, तर त्यांच्याच शेजारी जी रोपं टिकली त्यांच्या मुळांभोवतीची, पाच ते पंधरा सेंटिमीटर खोलीवरून. शिवाय शेणखताच्या ढिगाची कड, बांधावरच्या आंब्याखालची पानकुजी आणि चांदोरीजवळ गोदाकाठची काळी माती. एकूण दहा नमुने. प्रत्येकाचं ठिकाण आणि तारीख पिशवीवर लिहिली.

५ ऑगस्ट

चार दिवस मी चुकीची बुरशी सांभाळत होते. हिरवी दिसली की ट्रायकोडर्मा, असं धरून सहा वसाहती उचलल्या. त्यातल्या चार पेनिसिलियम निघाल्या. ओळखायची साधी खूण: पेनिसिलियम सावकाश वाढतं, मखमलीसारखं दिसतं, रंगात निळसर झाक असते आणि आठवड्यानंतरही प्लेटच्या मधोमधच असतं. ट्रायकोडर्मा २८ अंशांवर तीन-चार दिवसांत नव्वद मिलिमीटरची अख्खी प्लेट व्यापतो. आधी विरळ पांढरा असतो, मग वर्तुळावर वर्तुळ काढत हिरवा होतो. दुसऱ्या दिवशीच वसाहत कुठवर पोचली ते प्लेटच्या मागून पेनाने आखून ठेवलं असतं, तर हे चार दिवस वाचले असते.

खर्च आजवर: अगर, रसायनं आणि प्लास्टिकच्या प्लेटा मिळून ४,१०० रुपये.

१४ ऑगस्ट

सगळ्यात मोठं नुकसान आज झालं, म्हणून सविस्तर लिहिते.

सकाळी इन्क्युबेटर उघडला तर स्वच्छ वाटणाऱ्या प्लेटांवर परक्या बुरशीचे ठिपके होते. हवेतून पडलेले ठिपके कुठेही विखुरतात. हे तसे नव्हते. प्लेटच्या कडेपासून आत वळण घेत जाणारी ठिपक्यांची एक ओळ होती, जणू कोणी बोट बुडवून टेकवत गेलंय. सूक्ष्मदर्शकाच्या सगळ्यात कमी भिंगाखाली धरलं तेव्हा दिसलं: पांढरे, चकचकीत, आठ पायांचे अगदी बारीक कोळी (माइट). बुरशी खातात, अंगाला बीजाणू लागतात आणि झाकणाच्या फटीतून एका प्लेटमधून दुसरीत जातात. त्यांच्या पावलापावलावर बुरशी उगवली होती.

ते आले माझ्याच पिशव्यांतून. मातीचे नमुने मी त्याच इन्क्युबेटरच्या खालच्या कप्प्यात ठेवले होते. पावसाळ्याची दमट हवा, वर ताजी बुरशी, त्यांना आणखी काय हवं!

बेचाळीस प्लेटा ऑटोक्लेव्हमधून (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करायच्या यंत्रातून) काढून फेकल्या. इन्क्युबेटर स्पिरिटने तीनदा पुसला. मातीच्या पिशव्या दुसऱ्या खोलीत नेल्या. आता प्रत्येक प्लेटच्या कडेला पॅराफिल्मची पट्टी आणि प्लेटांचा डबा साबणाच्या पाण्याच्या परातीत, घरी मुंग्या लागू नयेत म्हणून ठेवतो तसा. लॅबमधल्या दुसऱ्या मुलींच्याही सहा प्लेटा गेल्या, त्याचं जास्त वाईट वाटलं. मॅडम रागावल्या, ते योग्यच होतं.

वाचलं ते एवढ्यासाठीच की ९ तारखेला तीन वसाहती तिरप्या अगरच्या नळ्यांत घेऊन, वर निर्जंतुक पॅराफिन तेल ओतून फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. पहिली चांगली वसाहत हाती आली की त्याच दिवशी अशी नळी भरा. अकरा दिवस मागे गेले.

२६ ऑगस्ट

तीन वाण: न-१ (आंब्याखालचा), न-४ (टिकलेल्या रोपांच्या मुळाशी सापडलेला), न-७ (गोदाकाठचा). जातीचं नाव मी लिहीत नाही. नुसत्या डोळ्यांनी, अगदी सूक्ष्मदर्शकानेही ट्रायकोडर्माच्या जाती खात्रीने वेगळ्या काढता येत नाहीत. विरिडी म्हणून वर्षानुवर्षं सांभाळलेले कितीतरी वाण डीएनए तपासल्यावर अ‍ॅस्परेलम निघाले आहेत.

न-१ ची प्लेट उघडली की ओल्या खोबऱ्याचा वास येतो, स्पष्ट, किसणीवरून नुकताच काढल्यासारखा. काही ट्रायकोडर्मा असं सुगंधी द्रव्य तयार करतात आणि ते दुसऱ्या बुरशीला मारक असतं. त्या वासामुळे माझा जीव न-१ वरच होता.

मेलेल्या रोपांतून स्क्लेरोशियम (ते मोहरीसारखे दाणे) आणि फ्युजेरियम या रोगाच्या बुरशी वेगळ्या केल्या आणि एकाच प्लेटवर माझ्या वाणांसमोर लावल्या. सहाव्या दिवशी न-४ स्क्लेरोशियमच्या अंगावर चढून हिरवा झाला. न-१ अर्ध्यावर थांबला, खोबऱ्याच्या वासासकट. न-७ मध्यम. न-४ निवडला. प्लेटवर जिंकणारा वाण मातीत जिंकेलच असं नाही, पण कुठून तरी सुरुवात करायला हवी.

२ सप्टेंबर, पोळा

पहिली पुडी. पाण्यात लिटरला ३० ग्रॅम मळी (साखर कारखान्यातला घट्ट काळा पाक) आणि ५ ग्रॅम यीस्ट, त्यात न-४ चं विरजण, आठ दिवस स्थिर ठेवलं. वर जाड साय धरली. ती मिक्सरमधून फिरवून शंखजिऱ्याच्या पुडीत मिसळली: अर्धा लिटर द्रव, एक किलो पूड, चिकटण्यासाठी पाच ग्रॅम सीएमसी. सावलीत कागदावर पसरली. त्याच दिवशीची मोजणी ग्रॅमला २ कोटी ४० लाख. फार आनंद झाला. नानांना फोन केला, रांगड्याच्या (उशिरा खरिपातल्या कांद्याच्या) रोपांना नक्की देते म्हणून.

१३ सप्टेंबर

पुड्या फुगल्या आहेत. उघडल्यावर आंबूस वास. प्लेटवर ट्रायकोडर्मा आहे, पण भोवती जिवाणूंच्या सुरकुतलेल्या राखाडी वसाहती.

कारण शोधायला तीन दिवस गेले. शंखजिरं कोरडं असतं आणि दोन किलोच्या गच्च पिशवीत वाफ आतपर्यंत पोचतच नाही. शिवाय त्या दिवशी कॉलेजचा ऑटोक्लेव्ह प्रात्यक्षिक परीक्षेत अडकलेला, म्हणून मी घरच्या मोठ्या कुकरमध्ये काम उरकलं आणि वाफ येण्याआधीच शिट्टी बसवली. आत हवा कोंडली की दाब दिसतो पण १२१ अंश तापमान होत नाही. आधी शिट्टीशिवाय पाच-सात मिनिटं वाफ जोरात जाऊ द्यायची, मग शिट्टी. पूड पातळ थरात, छोट्या पिशव्यांत, अर्धा तास, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धा तास. पहिल्या दिवशी वाचलेले जिवाणूंचे बीजाणू मधल्या वेळात उगवले तर दुसऱ्या वाफेत मरतात.

२४ सप्टेंबर

न फुगलेल्या चार पुड्यांची मोजणी: ग्रॅमला १ लाख १० हजार. बावीस दिवसांत दोनशे पटींहून जास्त घट. रांगड्याची रोपं नानांनी माझ्या पुडीविना टाकली. मी तारीख देऊन पाळली नाही. पुडी हातात येऊन मोजून होईपर्यंत कोणालाही तारीख सांगू नका.

घट का झाली? मला दोन कारणं दिसतात. एक, ओलावा. ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वाळवून वजन केलं तर पुडीत १९ टक्के पाणी होतं. ८ च्या खाली हवं. दुसरं, त्या सायीत बीजाणू कमी आणि तंतूच जास्त होते. तंतूचे तुकडे प्लेटवर वसाहत देतात, त्यामुळे पहिल्या दिवसाची मोजणी झकास दिसते. पण कोरड्या पुडीत तंतू तग धरत नाहीत, बीजाणू धरतात.

१५ ऑक्टोबर

ज्वारीवर आले. रात्रभर भिजवून, पंधरा मिनिटं अर्धवट शिजवून, कापडावर पसरवून वरचं पाणी पूर्ण सुकवलं. पहिल्या खेपेला ज्वारी जास्त शिजली, दाणे फुटले, गोळा झाला आणि आंबला. दाणा दाबला तर मऊ लागावा पण फुटू नये. दोनशे ग्रॅमच्या पिशव्या, तोंडाला कापसाचा बोळा, कुकरमध्ये ४० मिनिटं, गार झाल्यावर विरजण. रोज एकदा पिशवी हाताने सैल करायची.

पाच दिवस ज्वारी पांढरीच राहिली. धूळ येऊ नये म्हणून पिशव्या बंद कपाटात ठेवल्या होत्या. तिथेच चुकत होतं, कारण ट्रायकोडर्माला बीजाणू धरायला उजेड लागतो. पिशव्या खिडकीजवळ, थेट ऊन लागणार नाही अशा ठेवल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खिडकीकडची बाजू फिकट हिरवी आणि भिंतीकडची पांढरीच. पिशव्या फिरवत गेले. चौथ्या दिवशी दाणा न् दाणा गर्द हिरवा.

ती ज्वारी सावलीत वाळवून मलमलीच्या कापडातून चाळली. इथे पंखा बंद करा, नाकाला चांगला मास्क लावा. हिरवी धूळ डोळ्यांना दिसत नाही इतकी उडते. मी पहिल्या दिवशी साधा रुमाल बांधला आणि रात्रभर शिंकले. आणखी एक, आळिंबी पिकवणाऱ्याच्या आसपास हे काम अजिबात करू नका. हीच हिरवी बुरशी धिंगरीच्या पिशव्या संपवते. आमच्या गल्लीत एका ताईंचा तो व्यवसाय आहे, म्हणून चाळायचं काम मळ्यावर नेलं.

पाच किलो पूड झाली. ओलावा ७ टक्के, ग्रॅमला १ कोटी ८० लाख. आतापर्यंतचा खर्च ९,६०० रुपये, त्यातला निम्म्याहून जास्त चुकांचा.

२० ऑक्टोबर

उन्हाळ कांद्याचं उळं टाकलं. दहा वाफे, एकाआड एक: पाच पुडीचे, पाच बिनपुडीचे. वाफ्याला ५ किलो कुजलेलं शेणखत, त्यात ५० ग्रॅम पुडी, ओलं करून काही दिवस पोत्याखाली झाकून ठेवलेलं. बियाणं विकत घेतलं असेल तर ते बहुतेकदा गुलाबी दिसतं. तो बुरशीनाशकाचा लेप असतो, त्यामुळे अशा बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळून सहसा उपयोग नाही. आम्ही घरच्या डोंगळ्यांचं बी वापरलं.

९ नोव्हेंबर

दिवाळीनंतर मळ्यावर गेले तर विहिरीकडच्या सहा वाफ्यांना नानांनी कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी केलेली. एका कोपऱ्यात दोन-चार रोपं पिवळी दिसली म्हणून. त्यांच्या जागी मीही घाबरले असते, जुलै त्यांनी पाहिला होता. चूक माझी: दिवाळीत चार दिवस घरी असूनही मी हे बोलले नाही आणि वाफ्यांवर पाटीही लावली नाही.

लॅबमध्ये तपासलं. फवारणीच्या प्रमाणाच्या शंभराव्या भागाएवढं कार्बेन्डाझिम पीडीएत घातलं तरी न-४ उगवला नाही. म्हणजे ते सहा वाफे प्रयोगातून बाद.

३० नोव्हेंबर

उरलेले चार वाफे. एक फूट बाय एक फूट चौकट, प्रत्येक वाफ्यात तीन ठिकाणी, सरासरी रोपं: पुडीचे ६१ आणि ५८, बिनपुडीचे ५५ आणि ६०. यावरून काहीही सिद्ध होत नाही. थंडीत मर तशीही कमी असते. शेजारचे दोघे येऊन म्हणाले, "रोपं झकास आहेत, पुडी विकत दे." नाही दिली. नोंदणीशिवाय असं जैविक औषध विकणं कायद्यात बसत नाही, आणि त्याहून मोठं म्हणजे ते काम करतं की नाही हे मलाच अजून माहीत नाही.

१८ मे २०२५

डिसेंबरात पुनर्लागण झाली, त्याबद्दल लिहिण्यासारखं वेगळं काही नाही. मधल्या काळात साठवणीची चाचणी केली, ती मला सगळ्यात कामाची वाटते. ऑक्टोबरच्या त्याच पुडीचे तीन वाटे: एक लॅबच्या फ्रिजमध्ये, एक मळ्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, आणि एक घराच्या अंधाऱ्या खोलीत. तिथे जुन्या माठात, डब्याला दोन प्लास्टिकच्या पिशव्या आणि माठाभोवती ओली वाळू.

सात महिन्यांनंतर ग्रॅमला: फ्रिज १ कोटी १० लाख. माठ ३२ लाख. शेड ४० हजार.

शेडमधला वाटा फेब्रुवारीपर्यंत ठीक होता, ९० लाख. उन्हाळ्याने मारला. माठातला सात महिन्यांनीही २० लाखांच्या वर आहे. वाळू दर दोन दिवसांनी ओली करण्याचं काम आजीने केलं, एक दिवसही न चुकता.

७ जून

यंदा मे महिन्यातच पावसाने झोडपलं, काढलेला उन्हाळ कांदा वावरात भिजला. नानांचं मन कशात नव्हतं, तरी लाल कांद्याचं उळं त्यांनी टाकलंच. बारा वाफे, सहा-सहा. ताज्या ज्वारीची नवी पुडी, मोजणी चार दिवसांपूर्वी केलेली, १ कोटी ५० लाख. या वेळी प्रत्येक वाफ्यावर पाटी आहे आणि त्यावर नानांच्याच अक्षरात लिहिलंय: आळवणी करायची नाही.

८ जुलै

बिनपुडीच्या सहापैकी तीन वाफ्यांत मर आली. त्यातला एक जवळजवळ पूर्ण गेला. पुडीच्या सहापैकी एकात आली. तो उताराच्या टोकाला आहे, तिथे तीन दिवस पाणी तुंबलं होतं. पुडीने पाणी ओसरत नाही. तो वाफा पुढच्या वर्षी वीतभर उंच करायचा.

मेलेल्या रोपांत पुन्हा तेच मोहरीसारखे दाणे सापडले. पुडीच्या वाफ्यांतली माती प्लेटवर टाकली तर महिन्यानंतरही ग्रॅमला काही हजार ट्रायकोडर्मा आहेत. तो न-४ च आहे की मातीत आधीपासून असलेला, हे अजून वेगळं काढता आलेलं नाही. सहा वाफे फार कमी आहेत. नानांनी रांगड्यासाठी वीस वाफे द्यायचं कबूल केलंय.

उरलेली सव्वा किलो पुडी माठात ठेवली. मोजणी १ ऑगस्टला, उळं टाकायच्या आधी.